भट्टीवर गेलेले दार

मुलींचे वसतिगृह, शहापूर
सोमवार, ३ मार्च २०२५

आदरणीय श्री. मंगेश केळुसकर यांस,
सविनय नमस्कार.

आपली ओळख नसताना आणि आपण काही विचारलेले नसताना हे पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे, त्याबद्दल प्रथम क्षमा मागते. मी कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. वर्गात उत्तर येत असूनही हात वर करायला मला वेळ लागतो. या पत्राचे किती खर्डे मी फाडले असतील, याची कल्पना आपण करू शकाल.

आपले ‘चौकटीबाहेरची घरे’ हे सदर मी महाविद्यालयाच्या वाचनालयात नेमाने वाचत आले आहे. चिंचेच्या झाडाभोवती बांधलेले, स्वयंपाकघरातून खोड वर जाणारे घर. समुद्रकाठी उलट्या होडीखाली मांडलेला संसार. खडकाच्या पोटातल्या दोन खोल्या. एवढ्या मोठ्या महाराष्ट्रात माणसे कुठे कुठे आणि कशी कशी राहतात, हे वाचताना मला माझ्या घराची लाज वाटेनाशी झाली. हे मी खुशामत म्हणून लिहीत नाही.

रविवार, ९ फेब्रुवारीच्या अंकात आपण आटगावजवळच्या एका घराविषयी लिहिले आहे. शहराकडे पाणी नेणाऱ्या मोठ्या नळाचा एक उरलेला तुकडा आणि त्यात केलेले घर. ते घर आमचे आहे.

माझे आजोबा नवसू हिलम नळाच्या कामावर राखणदार होते. काम संपले, माणसे गेली, हा तुकडा न्यायला कोणी आले नाही. आजोबांनी एका तोंडाला कारवीचा कुड घातला, दुसऱ्या तोंडाला दार बसवले आणि आत माती भरून जमीन सपाट केली. आजोबा आता नाहीत. आम्ही तिथेच राहतो. आई, वडील आणि धाकटी बहीण दिवाळीनंतर टोकावडे रस्त्यावरच्या वीटभट्टीवर गेली आहेत. मी शिक्षणासाठी वसतिगृहात असते.

आपण लिहिले आहे : ‘या घराला दार नाही. ज्याने ते उभारले त्याला जगापासून लपवण्यासारखे काही नसावे. आता येथे कोणी राहत नाही. वाटसरूने खुशाल आत जावे, क्षणभर बसावे, आपलाच आवाज ऐकावा आणि परतावे.’

तेव्हापासून रविवारी माहुली किल्ल्याच्या वाटेने जाणारे लोक गाड्या थांबवून आत जातात. मागच्या आठवड्यात मी गेले तेव्हा चुलीत सिगारेटची थोटके होती आणि आईने सारवलेल्या कुडावर कोळशाने नावे लिहिली होती. मी ती पुसली.

पण मी त्यासाठी लिहीत नाही. आमच्या वाडीची घरे गायरानात आहेत. ज्यांची घरे खरोखर राहती आहेत त्यांच्याच नावे जागा करून द्यायची, असे ठरले असून १ मेच्या ग्रामसभेत ती नावे पक्की होतील. शेजारच्या जमिनीचे मालक आपला लेख सर्वांना दाखवीत आहेत. त्यात ‘कोणी राहत नाही’ असे छापलेले आहे.

या सदराचे पुस्तक निघणार असल्याचे मी वाचले. कृपा करून त्यात आमचे घर घेऊ नये, एवढीच नम्र विनंती आहे.

आपली नम्र वाचक,
रंजिता वाळू हिलम


सांगली
बुधवार, १२ मार्च २०२५

चि. रंजिता हिस,
अनेक आशीर्वाद.

तू माझ्या पुतणीच्या वयाची असशील, म्हणून एकेरी लिहितो; राग मानू नकोस. तुझे पत्र मी घरात सर्वांना वाचून दाखवले. आजकाल इतके नेटके मराठी कोण लिहिते?

लोकांनी तुमच्या कुडावर नावे लिहिली हे वाचून मला फार वाईट वाटले. आपल्याकडच्या पर्यटकाला काही पाहणे म्हणजे त्यावर आपले नाव टाकणे असे वाटते, हे मी पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहितोच आहे. तुझ्या पत्रातला तो भाग, तुझी परवानगी असेल तर, उद्धृत करीन.

मात्र एक गैरसमज दूर करतो. मी जानेवारीत तिथे आलो तेव्हा नुसते बाहेरून पाहून लिहिलेले नाही. दार नव्हते. चूल गार होती. भांडे म्हणावे असे काही दिसले नाही. शेजारी धर्मा नावाचे गृहस्थ भेटले. त्यांनी खुर्ची दिली, चहा पाजला. मी विचारले, “या घरातले लोक कुठे असतात?” ते म्हणाले, “इथं कोण राहत नाय साहेब, बिनधास्त आत जाऊन बघा.” एखाद्या गावात परक्या माणसाने याहून अधिक चौकशी ती काय करायची?

तुम्ही लोक नेमके केव्हा तिथून हललात? ‘घर सोडून गेलेल्या कुटुंबाच्या लेकीची आठवण’ अशी एक लहानशी चौकट त्या पानावर देता येईल. ती तूच लिहावीस असे मला वाटते. पुस्तक निघाले की पहिली प्रत तुला पाठवीन.

परीक्षेला शुभेच्छा.

तुझा,
मंगेश केळुसकर


शहापूर
सोमवार, २४ मार्च २०२५

आदरणीय सर,
सविनय नमस्कार.

आपले आशीर्वादाचे पत्र मिळाले. एकेरी लिहिल्याचा राग नाही. राग कशाचा आला, हे मी सभ्य शब्दांत लिहिण्याचा प्रयत्न करते.

आम्ही कुठूनही हललो नाही. आमच्या वाडीत भट्टीवर निघताना घराचे दार बिजागरीतून उचलतात आणि सोबत नेतात. भट्टीवर मालक झोपडीसाठी कच्च्या विटा देतो, वर टाकायला पेंढा देतो. दार देत नाही. मागे राहिलेल्या घरात चोरून नेण्यासारखे काय असणार? भांडी तर डोक्यावरून सोबतच गेलेली असतात. भट्टीवर मात्र अनोळखी माणसे असतात, रात्री ट्रक येतात आणि आत बायका-मुली झोपलेल्या असतात. म्हणून दार तिकडे लागते. आपण आलात तेव्हा वाडीतल्या बहुतेक घरांना दारे नव्हती. आपण फक्त आमचे पाहिलेत, कारण ते गोल होते.

शिमग्याला सगळी वाडी घरी येते. आई, वडील आणि कुणाली, म्हणजे माझी बहीण, तेव्हा आली होती. भाकऱ्या झाल्यावर आई म्हणाली, “त्या पेपरात घराचा फोटू आलाय म्हनं. वाच बगू काय लिवलंय.”

आमच्या घरात जोरात बोलले की शब्द फिरून कानावर येतो, म्हणून आम्ही सगळेच हळू बोलतो. मी हळूच वाचायला लागले. ‘पोलादाच्या पोटात मातीची ऊब’ हे आपले वाक्य वडिलांना आवडले. ते म्हणाले, “मानूस चांगला लिवतो. पन ही ऊब त्याला उन्हाळ्यात देयाला पायजे. मे महिन्यात ये म्हनाव, आत बस.” कुणाली हसून म्हणाली, “बाबा, तो आत बसला तर त्याची भाकर होईल.”

मी ‘आता येथे कोणी राहत नाही’ या वाक्यापाशी आले आणि थांबले.

“आन पुढं?” वडिलांनी विचारले.

“पुढं संपलं,” मी म्हणाले.

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. एक तरुण आणि त्याच्याबरोबर एक मुलगी. दोघे मोबाइल धरूनच आत वाकले. आई चुलीपाशी होती, तिचा फोटो निघाला. “अरे, इथे तर आहे कोणीतरी,” मुलगी म्हणाली.

“या, पानी घ्या,” आई म्हणाली. तिला वाटले कोणाच्या तरी घरचे पाहुणे चुकून आले.

“मावशी, तिकीट किती आहे इथे?”

“तिकीट? येष्टी हाय का काय ही?”

आम्ही सगळे हसलो, तेही हसले. मग तो तरुण सहज म्हणाला, “नाही, पेपरात लिहिलेलं की इथे कोणी राहत नाही, म्हणून आत आलो. सॉरी हां.”

ते गेले. वडील मला म्हणाले, “तू वाचलं नाय ते.” मी मान खाली घातली. त्यांनी पुढे विचारले, “धर्मानं हेच दाखवलंय का ग्रामपंचायतीत?” मी हो म्हणाले.

सर, शेजारच्या जमिनीचे मालक ते हेच धर्माकाका. त्यांनी आपल्याला चहा दिला, ते खरे असेल. त्यांना आमच्या घराच्या जागेतून त्यांच्या प्लॉटांकडे गाडीरस्ता न्यायचा आहे, हे त्यांनी आपल्याला सांगितले नसेल.

मला आठवणींची चौकट लिहायची नाही. जिथे मी राहते त्याची आठवण कशी लिहू? वर्तमानपत्रात दुरुस्ती यावी आणि पुस्तकातून ते पान निघावे, ही विनंती मी पुन्हा करते. ग्रामसभेच्या दिवशी वाडीतले बहुतेक लोक भट्ट्यांवर असतील. आमच्या बाजूने बोलायला कोण असेल, मला माहीत नाही.

आपली,
रंजिता


सांगली
शुक्रवार, ४ एप्रिल २०२५

चि. रंजिता,

तुझे पत्र आल्यापासून मला त्या लेखाकडे पाहवत नाही. दाराची गोष्ट मला ठाऊक नव्हती. ठाऊक असती तर मी तो परिच्छेद लिहिलाच नसता, एवढे तरी तू मानशील अशी आशा आहे.

आता अडचणी सांगतो. सदर फेब्रुवारीतच संपले. मी पुरवणीच्या संपादकांना फोन केला. ते म्हणाले, संपलेल्या सदराची दुरुस्ती छापायला जागा नाही आणि वाचकांच्या लक्षातही नाही. पुस्तकाचे निम्म्याहून अधिक फॉर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांचे गठ्ठे, छापून झाले आहेत. तुमच्या घराचा मजकूर शेवटच्या फॉर्म्यात आहे, तो अजून राहिला आहे; पण मुखपृष्ठावर तुमच्या घराचेच छायाचित्र आहे. आतून काढलेले, गोल तोंडातून दिसणारा उजेड. प्रकाशक म्हणतात, पुस्तक त्या चित्रावर विकले जाईल.

मी असे सुचवतो : पानावर तळटीप द्यावी की ‘लेखनानंतर मिळालेल्या माहितीनुसार या घरात एक कुटुंब हंगामी वास्तव्य करते.’ यात सर्वांचा मान राहतो. धर्मा यांनी मला खोटे सांगितले असे मी जाहीरपणे म्हणू शकत नाही. ज्याच्या ओट्यावर चहा प्यालो त्याच्यावर लेखकाने बोट ठेवू नये, असे मला वाटते. गावच्या भांडणात तर बाहेरच्याने मुळीच पडू नये.

आणखी एक. काल मी त्या दिवशीचे सगळे फोटो पुन्हा पाहिले. एकात आतल्या अंगाला, वर, दोन वाळलेले दुधी टांगलेले आहेत, आणि मक्याच्या कणसांची एक जुडी. मी तो फोटो छापायला दिला नव्हता. घर मला रिकामे हवे होते आणि त्या दुध्यांनी चित्र भरल्यासारखे होत होते. जाताना विसरले असतील, असे मी तेव्हा मनाशी म्हणालो. तुला काय वाटते?

मंगेश केळुसकर


शहापूर
मंगळवार, १५ एप्रिल २०२५

आदरणीय सर,
सविनय नमस्कार.

ते दुधी आणि ती कणसे पुढच्या पावसाचे बियाणे आहे. ते आईने टांगले आहे. घर सोडून जाणारे कुटुंब बियाणे मागे ठेवत नाही, एवढेच मी म्हणते. आपल्याला ते दिसले होते, हे आपण स्वतःहून लिहिलेत, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. त्याचबरोबर, आपल्याला ते दिसले होते, हे वाचून मला झोप लागली नाही. हे दोन्ही खरे आहे.

आता इकडची हकीकत. धर्माकाकांनी रस्त्याच्या कडेला पाटी लावली आहे : ‘पाइपघर. पर्यटन स्थळ. गाडी लावण्याची सोय.’ आत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या आहेत. मी त्या बाहेर काढून ठेवल्या, तर ते ओट्यावरूनच म्हणाले,

“काय गो रंजे, खुर्च्यांनी काय केलं तुझं?”

“काका, आमचं घर आहे हे.”

“घर? आगं, तालुक्यात पैली आलेली तू. पेपरात काय छापलंय ते वाच की. मी अडानी मानूस, मी छापलेल्यावर इश्वास ठेवतो.”

“ते चुकीचं छापलंय.”

“मंग त्या लेखकाला सांग. मला काय सांगतेस?”

त्यांच्या बायकोने, जिवलीकाकीने, आतून हाक मारली, “जाऊ द्या ना वो, पोर हाय ती.” ते हसले. वसतिगृहात परत आल्यावर मला चार उत्तरे सुचली.

माझी परीक्षा सुरू आहे. पेपर नसेल त्या दिवशी मी घराच्या तोंडाशी पुस्तक घेऊन बसते, म्हणजे कोणी आत जात नाही. दुपारी पत्रा इतका तापतो की पाठ टेकवत नाही. मागच्या रविवारी एका कुटुंबाने मला विचारले, “इथल्या गाइड तुम्हीच का?” मी नाही म्हणाले. त्यांनी माझाही फोटो काढला. मला अडवता आले नाही.

सर, तळटीप नको. तळटिपा फार थोडे लोक वाचतात. मी वाचते, पण ग्रामसभेत माझ्यासारखे कोणी नसते. ‘हंगामी वास्तव्य’ हे शब्द तर आमच्याच विरुद्ध जातील. हंगामी आम्ही भट्टीवर असतो, घरी नाही.

आपण धर्माकाकांना खोटे म्हणू नका. गावच्या भांडणात पडू नका. फक्त ते पान आणि ते मुखपृष्ठ काढून टाका. आमचे घर कोणत्याही पुस्तकात नसले म्हणजे ते पाहायला कोणी येणार नाही, आणि धर्माकाकांच्या हाती एका जुन्या कात्रणाशिवाय काही उरणार नाही. मी खूप विचार करून हे मागते आहे. याहून अधिक काही मागणार नाही.

आपली,
रंजिता


सांगली
शुक्रवार, २५ एप्रिल २०२५

चि. रंजिता,

तुझ्या मनासारखे झाले.

तुमच्या घराचे पान मी काढले. मुखपृष्ठही बदलले. प्रकाशक माझ्याशी दोन दिवस बोलत नव्हते, आता बोलतात, पण ‘अहो जाहो’ करून. महाराष्ट्र दिनाचे प्रकाशन पुढे ढकलले आहे. तुमच्या पानाच्या जागी कोरड्या विहिरीत राहणाऱ्या एका जोडप्याचे घर येईल. त्यांच्याकडे मात्र मी पुन्हा जाऊन आलो, घरात माणसे आहेत याची खात्री करून घेतली, आणि जेवूनही आलो. तुझ्या पत्रांनी एवढे शिकवले.

शेवटचा फॉर्मा शुक्रवारी, २ मे रोजी सकाळी छपाईला चढेल. त्यानंतर काही बदलता येत नाही, आणि आता बदलायचे काही उरलेही नाही. तू निर्धास्तपणे परीक्षा दे.

तीस वर्षांत पहिल्यांदाच मी लिहिलेले पान स्वतःच्या हाताने काढले. वाईट वाटेल असे वाटले होते. वाटले नाही. तुझ्या आईवडिलांना नमस्कार सांग.

खाली माझा मोबाइल क्रमांक देतो. निकाल लागला की कळव.

तुझा,
मंगेश केळुसकर


आंब्याची वाडी, आटगाव
गुरुवार, १ मे २०२५

आदरणीय सर,
सविनय नमस्कार.

आपण माझ्यासाठी एवढे केलेत आणि मी आज पुन्हा काही मागायला बसले आहे. याहून अधिक मागणार नाही, असे मीच लिहिले होते. हा उद्धटपणा आपण कसा घ्याल, या भीतीने माझे अक्षर नेहमीसारखे येत नाही. टपालाने पत्र पोहोचायला वेळ नाही, म्हणून याचे फोटो काढून आपल्या मोबाइलवर पाठवणार आहे.

आज सकाळी ग्रामसभा झाली. आई आणि वडील पहिल्या एसटीने टोकावड्याहून आले. कुणाली भट्टीवरच राहिली. वाडीतली आणखी चार-पाच माणसे होती. बाकी सभा धर्माकाकांच्या बाजूच्या लोकांनी भरली होती.

आमचे नाव आले तसे धर्माकाकांनी कात्रण वर धरले. “भाऊसाहेब, हे बगा. घर मोकळं हाय. मी नाय म्हनत, पेपर म्हनतो. बाहेरून लोकं येतात बगायला, कोनी राहत आसंल तर येतील का आशी?”

ग्रामसेवक भाऊसाहेबांनी ते सावकाश वाचले. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांनी वडिलांना विचारले, “काय रे वाळू, घराला दार का नाही?”

“दार भट्टीवर हाय, भाऊसाहेब.”

सभेत हसू फुटले. कोणीतरी मागून म्हणाले, “आन खिडकी ममईला गेली काय?”

“मग आणून लाव की आता,” भाऊसाहेब म्हणाले. “पाहणीला माणूस आला तर त्याला दार दिसलं पाहिजे. सोपं जाईल तुला.”

वडील म्हणाले, “धाकटी पोर तितं हाय. काम संपंपरेंत दार तितंच ऱ्हायल.”

मग कोणी हसले नाही. पण भाऊसाहेबांना लिहून घेता येईल असे त्यात काही नव्हते.

मी उठले. कशी उठले ते मला सांगता येणार नाही. मी म्हणाले, “हा लेख चुकीचा आहे, हे लेखकांना मान्य आहे. त्यांनी आमच्या घराचं पान पुस्तकातून काढून टाकलं आहे.” आणि आपले २५ तारखेचे पत्र त्यांच्यापुढे ठेवले. आपली परवानगी न घेता ठेवले, त्याचीही क्षमा मागते.

त्यांनी पत्र वाचले. मग म्हणाले, “बाळ, काढलेलं पान मी बघू कसं? पेपरातलं पान मला दिसतंय. ह्यात कोणी राहत नाही असं छापलंय. तू म्हणतेस ते पान तर आता कुठंच नाही. हे पत्र घरगुती आहे. लेखकाने चूक झाली असं कुठं छापलंय का?”

मी नाही म्हणाले.

आई तेव्हा बसल्या जागेवरून बोलली. “पेपरात काय हाय ते मना म्हायीत नाय. घर मोकळं आसलं तर आत बियानं कोनी टांगलंय ते इचारा तेला.” धर्माकाका म्हणाले, “बी काय, मी पन टांगीन.” पुन्हा हसू.

भाऊसाहेबांनी आमचे नाव कापले नाही आणि पक्केही केले नाही. वीस तारखेला स्थळपाहणी होईल. तोवर आमच्याकडे काही छापील असेल तर जोडायचे. छापलेल्याला छापलेल्यानेच उत्तर द्यावे लागते, असे ते म्हणाले, आणि पुढचे नाव वाचले.

सर, मी आपल्याकडे चुकीची गोष्ट मागितली. मला वाटले, आम्ही कोणाला दिसलो नाही म्हणजे सुरक्षित राहू. पहिलीपासून मी वर्गात तसेच करीत आले आहे.

घरी आल्यावर मी आईवडिलांना विचारले, की आपले घर पुस्तकात परत घालायला सांगू का? नावांसकट? वडील म्हणाले, “नको. लोकं येतील बगायला. लाज वाटते गो, आपन भाकर खातो नि कोन वाकून बगतो.”

आई म्हणाली, “आता काय येत नाय का? आता मोकळं म्हनून येतात. मानसं हायत म्हनून येऊं दे.”

वडील उठून बाहेर गेले. थोड्या वेळाने आत येऊन म्हणाले, “माझं नाव बराबर लिव म्हनाव. वाळू नवसू. बापाचं नाव लागलं पायजे.”

म्हणून ही विनंती. उद्या सकाळी फॉर्मा चढण्यापूर्वी ते पान परत घालावे, म्हणजे छापलेले पान वीस तारखेच्या पाहणीआधी जोडता येईल. मुखपृष्ठ नको. पोलादाची ऊब, गोल उजेड, आपल्या आवडीचे काय ठेवायचे ते आपण ठेवा, मी त्यात शब्दही सांगणार नाही. मला संकोच वाटतो आहे, पण एवढा मजकूर मात्र मी लिहिला आहे तसाच यावा, आणि तो तळाशी नसावा :

‘हे घर आटगावजवळच्या आंब्याच्या वाडीत असून ते नवसू हिलम यांनी केले. येथे त्यांचा मुलगा वाळू नवसू हिलम, सून बाईजा आणि नाती रंजिता व कुणाली राहतात. दिवाळीनंतर हे कुटुंब वीटभट्टीच्या कामावर जाते आणि पाऊस जवळ आला की परत येते. जाताना ते घराचे दार सोबत नेते. प्रस्तुत लेखकाने जानेवारी २०२५ मध्ये हे घर पाहिले तेव्हा ते रिकामे आहे असे समजून वर्तमानपत्रात तसे लिहिले. ते चुकीचे होते. घर पाहायचे असल्यास बाहेरून पाहावे. घरात कोणी असल्यास हाक मारावी, पाणी मिळेल.’

शेवटचे वाक्य आईने सांगितले. मी ते गाळणार होते.

विहिरीतल्या जोडप्याचे पान आमच्यामुळे जाऊ नये. जागा नसेल तर आमचा फोटो काढून टाका. नावे राहू द्या.

आपण हो म्हणाल की नाही हे मला माहीत नाही. आपल्याला आता माझी पत्रे उघडण्याचाही कंटाळा आला असेल, प्रकाशक काय म्हणतील त्याचीही मला धास्ती आहे. घरात मोबाइलला रेंज नाही, म्हणून रेल्वे फाटकापर्यंत जाऊन पाठवते आणि उत्तर येईपर्यंत तिथेच थांबते. वडील सोबत आहेत. आई पाच वाजताच्या एसटीने भट्टीवर परत निघाली आहे, कुणाली तिथे एकटी आहे.

आपली,
रंजिता वाळू हिलम

पाठवले : गुरुवार, १ मे २०२५, सायंकाळी ५ वाजून २० मिनिटे.